एकाच सुईचं गोंदण

एस्पान्योला, न्यू मेक्सिको
८ सप्टेंबर

चि. एलॉय यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे हिरव्या मिरच्या भाजायला सुरुवात झाली. ऑर्लांडो डोळे पुसत हिंडतो आणि बायकोने रडवलं म्हणून शेजाऱ्यांना सांगतो.

तुरुंगात हेपटायटिस सीची तपासणी चालू आहे आणि तू नको म्हणालास, हे वाचून तुझा कान पिळावासा वाटला. लोक काय म्हणतील याची भीती तुला कधीपासून? रक्त दे. काही निघालंच तरी पॅरोलवर तू इथेच येणार. मागची खोली तुझ्यासाठी निळी रंगवून घेतली आहे.

रविवारी येते. नेहमीसारखा भेटीच्या खोलीतल्या मशीनमधला एक बरीटो, एक कोक, दोघांत. मोठा अर्धा तूच लाटतोस, ते मी विसरलेले नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, तो मागायला लावू नकोस.
तुझी बेनिताताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दावर रक्त दिलं. आजार निघाला, ते तुला कळवलं. त्यानंतरच्या रविवारी तू दोन बरीटो आणलेस, दोन कोक. खूप भूक लागली म्हणालीस आणि तुझा अर्धाही संपला नाही.

काल पॅरोल अधिकाऱ्याने सांगितलं की सुटल्यावर राहण्यासाठी दिलेला तुझा पत्ता माझ्या कागदांवरून काढला. मला वाटलं त्याची चूक झाली. तू स्वतः फोन केलास म्हणे.

एकत्र खाल्ल्याने हे पसरत नाही, रक्तात रक्त मिसळलं तरच पसरतं, असं नर्सबाईंनी समजावलं. माझ्या कोठडीतल्या चावेझला मी सगळं सांगितलं. तो अजून माझ्या ताटातली टॉर्टिया न विचारता उचलतो. परक्याने जवळ केलं आणि तू केसाने गळा कापलास, ताई.

एलॉय


२७ ऑक्टोबर

चि. एलॉय,
आशीर्वाद.

फोन मीच केला. घरात न्हाणीघर एक, त्यात नात रांगायला लागलेली. ऑर्लांडोने घोर लावून घेतला. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. खोली अजून निळीच आहे. तुझ्या गोळ्या संपू देत, मग बघू. राग धरू नकोस.

बेनिता


५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या सुरू झाल्या. बहुतेक जण पूर्ण बरे होतात म्हणे.

नर्सबाईंनी विचारलं, तुरुंगात गोंदून घेतलंस का. म्हटलं, नाही, लहानपणी, नदीवर. आपल्या दोघांच्या अंगठ्याजवळचा क्रूस आठवतो ना? चर्चला जाताना तू त्यावर पावडर थापतेस. मामाच्या फिलेमोनने स्वतःचा हात गोंदून झाल्यावर तीच सुई आपल्याला दिली. आधी माझा हात, मग तुझा. फिलेमोन पुढे लिव्हरनेच गेला. दारूने, असं आपण सगळे म्हणत आलो.

लिव्हरचा हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. तूही रक्त तपासून घे. घाबरू नकोस, गोळ्या बाहेरही मिळतात.

तुझ्या घरी मी येणार नाही. सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे. तुला माफ केलं असंही समजू नकोस. पण भेटायला आलीस तर बरीटो एकच घे. तुझा निकाल काहीही येवो, अर्धा मी खाईन.

लोभ उरला असेल तर ठेवावा.
तुझा भाऊ,
एलॉय