स्वारगेटचा थांबा

पुणे, १२ नोव्हेंबर २००३

प्रिय पूर्णिमा,

हिंजवडीच्या वसतिगृहात तुझी खोली पक्की झाली. शुक्रवारी तू स्वेटर न्यायला दहा मिनिटं घरी येणार आहेस. दोन्ही गोष्टी काल तुझ्या मैत्रिणीने, रुपालीने फोनवर सांगितल्या. तुझी तब्येत मात्र मी विचारली नाही, ती तुलाच विचारतो. कशी आहेस?

मी बरा आहे. तुळशीला पाणी घालतो. आमचं शब्दकोशाचं काम 'स'वर आलंय. 'संशय' माझ्या वाट्याला आला. कार्डावर अर्थ लिहायचा आणि खाली दोन वाक्यं. मी लिहिलं, 'तिला हसताना पाहून त्याचा संशय बळावला.' 'बसला उशीर झाला की त्याला संशय येई.'

संपादक दिगंबररावांनी कार्ड परत केलं. "अवधूतराव, उदाहरणं घरून आणायची नसतात." मग म्हणाले, "शंका असते ती माणूस विचारतो. तुम्ही विचारलंत?"

"हो."

"वहिनींना?"

"त्यांच्या बसच्या ड्रायव्हरला."

ते चहाला गेले.

जयसिंगला मी एवढंच विचारलं होतं, की पूर्णिमाशेजारी रोज कोण बसतं. तो म्हणाला, "मला म्होरं बघावं लागतंय सायब, मागं न्हाई." दुसऱ्या दिवशी ते सगळ्या बसला कळलं. तुझा सहकारी सुदर्शन हिंजवडीपर्यंत उभ्याने गेला, तुझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. हे तू मला सांगितलंस, आवाज न चढवता, आणि बॅग भरलीस.

एक तुला ठाऊक नाही. त्याआधी तीन संध्याकाळी मी स्वारगेटला रस्त्यापलीकडे, रसाच्या दुकानाआड उभा होतो. तिन्ही वेळा तू त्याच्याशी बोलत, हसत उतरलीस. घरी येऊन "दमले" म्हणालीस. मी तुझ्याआधी पोचून पेपर उघडून बसलेला असे.

त्या हसण्याचा मला हेवा वाटला. अजून वाटतो, खोटं कशाला लिहू? पण तो सुदर्शनचा दोष नाही, तुझा तर नाहीच.

नवं कार्ड अजून कोरं आहे. स्वेटर धुऊन ठेवलाय, पण तो घेऊन मी थांब्यावर येणार नाही. तो घरीच आहे.

शुक्रवारी बस सात-दहाला येईल. मी रस्त्याच्या अलीकडे, थांब्यावर असेन. सगळ्यांना दिसेन असा. सुदर्शन उतरला तर आधी त्याची माफी मागेन, मग तुला विचारेन, घरी येतेस का.

थांब्यावर उभा,
अवधूत