समुद्र त्या दिवशी शांत होता

प्रिय आई,

सासूबाई म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून आईच लिहितो. तुम्ही गेल्याला वर्ष होऊन गेलं आणि जावयाचं पहिलं पत्र आत्ता येतंय. कारणही तसंच आहे. मी तुम्हाला परक्या माणसासमोर खोटं पाडलं आहे. पण ते सांगण्याआधी गेल्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते सांगतो, नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही.

मंगळवारी पूजा आटोपली, मारुतीला जाऊन आलो, आणि कारखान्याची बस सोडून देऊन रिक्षाने भोपाळच्या बड्या तालावर, त्या मोठ्या तळ्यावर गेलो. वंदनाला काही बोललो नाही. तिथे एका नाववाल्याला म्हटलं, होडीत बसायचंय.

"कित्ते लोग हो?"

"अकेला हूँ।"

"जाना कहाँ है?"

"कहीं नहीं. बस बैठना है।"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नारिंगी जॅकेट दिलं. ते घालून मी आणखी एक मागितलं. "को खाँ, एक आदमी पे दो जाकिट?" तो म्हणाला. शेवटी दुसरं मांडीवर घेऊन बसलो. होडी अजून काठाला बांधलेलीच होती. त्या बांधलेल्या होडीत मी दोन्ही हातांनी फळी धरून नामजप करत बसलो. मनातल्या मनात जपाची एक माळ झाल्यावर म्हटलं, आता सोडा. त्याने दोर सोडला आणि मी डोळे मिटले. थोड्या वेळाने आवाज आला, "आँखें खोल लो भाईसाब, अपन डूबे नहीं हैं।"

तळ्यातल्या तकिया टापूच्या, म्हणजे त्या छोट्या बेटाच्या, अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत आलो. आई, मी होडीत बसलो! वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी!

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? की म्हणाल, अखेर एकदाचे बसलात? हेच मला तीन वर्षं कळत नव्हतं. तुम्हाला नक्की किती माहीत होतं?

अंदमानला जायचं तुम्हीच ठरवलं होतं. बाबा गेल्यावर नागपूरचं घर बंद करून तुम्ही आमच्याकडे भोपाळला, अशोका गार्डनमधल्या घरी आलात, आणि दुसऱ्याच महिन्यात मला म्हणालात, "जावईबापू, पस्तीस वर्षं मुलांना बेट म्हणजे काय ते शिकवलं. एकदा बघू या तरी, खरंच चोहीकडून पाणी असतं का ते!" मी हसलो. मीही शाळेत तेच शिकलो होतो. पण आमच्या गावात पाणी माणसाला बुडवायला पुरेल इतकं कधी नव्हतंच. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. गुरुजींनी बेटाची व्याख्या पाठ करून घेतली तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता, की अशा ठिकाणी माणूस जाईलच कशाला?

तुमची तयारी आठवते का? टेबलावर वही उघडून, चष्मा सावरत तुम्ही पोर्ट ब्लेअरच्या होडीवाल्यांना एकेक करून फोन लावायचात आणि तोंडी परीक्षा घ्यायचात. "भैया, आपकी बोट को छत है क्या? पूरी है कि आधी? और बाथरूम?" तो बिचारा म्हणे, मॅडम, चाळीस मिनिटांचीच फेरी आहे. तुम्ही म्हणायचात, "मेरी उमर में चालीस मिनट बहुत होता है!" वहीत प्रत्येक होडीला दहापैकी गुण होते. जोरात पळणाऱ्या होडीला तुम्ही चारच दिलेत, शेरा लिहिलात, 'घाई फार'. काचेच्या तळाच्या होडीला साडेनऊ. पाण्यात न उतरता मासे दिसतात म्हणून. अर्धा गुण का कापला ते विचारलं तर म्हणालात, "पैकीच्या पैकी मी कुणालाच देत नाही."

आणि तो झोपाळा! धक्क्यावरून हलत्या होडीत पाय टाकायचा सराव हवा, म्हणून तुम्ही रोज चहानंतर बाल्कनीतल्या झोपाळ्यावर चढायचात. वंदना दोरी हलवायची, तुम्ही कठड्याला धरून एक पाय टाकायचात आणि ओरडायचात, "आणखी हलव! एवढ्या संथ समुद्राला काय करायचं!" सत्तरीच्या उंबरठ्यावर तुमची ही हिंमत. मी आतल्या खोलीतून बघायचो आणि भिंतीला धरून उभा राहायचो, झोपाळ्याकडे नुसतं बघून!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार? तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. पोळी वाढताना आधी माझ्या ताटात. पाहुण्यांना सांगायचात, आमचे जावई कारखान्यात एवढ्या मोठ्या यंत्रांवर देखरेख करतात. त्या माणसाला पाण्याची भीती वाटते हे कोणत्या तोंडाने सांगायचं? देवापुढे मात्र रोज बोलायचो. मारुतीलाही म्हटलं, बाबा रे, तूसुद्धा समुद्र उडी मारून ओलांडलास, होडीत बसला नाहीस. मग माझं काय चुकलं?

शेवटी ती सकाळ आली. तीन बेटांच्या फेरीची. तुम्ही पहाटेच तयार झालात, पिशवीत आवळासुपारीचा डबा, डोक्यावर टोपी. मी म्हणालो, "मी जरा धक्क्यावर जाऊन चौकशी करून येतो." आणि हॉटेलच्या जिन्याखाली पंधरा मिनिटं उभा राहिलो. वर येऊन सांगितलं, समुद्र खवळलाय, आज बोटी बंद आहेत. उद्याही सांगता येत नाही.

खिडकी सताड उघडी होती. समोर समुद्र पसरलेला, परातीतल्या पाण्यासारखा. त्यावर ऊन चमकत होतं. वंदना म्हणाली, "हा खवळलेला?"

तुम्ही उठलात, खिडकीशी गेलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "खवळलेलाच आहे. आतून खवळतो तो."

"आई, काहीतरीच!"

"तुला काय कळतं समुद्रातलं? तू भोपाळची."

"आणि तू? तू नागपूरची ना!"

"पण ते चौकशी करून आलेत ना!"

त्या तीन दिवसांत आपण तिथलं जुनं जेल दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तुम्हीच शेजारच्या पर्यटकांना माहिती द्यायला लागलात. एकाही होडीला हात न लावता आपण घरी आलो.

पुढचं तर मी बघतच राहिलो. इमारतीतल्या बायका विचारायला आल्या आणि तुम्ही वादळाचं वर्णन सुरू केलंत! पहिल्या आठवड्यात लाटा धक्क्यापर्यंत होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या हॉटेलच्या पायऱ्या चढल्या. होळीपर्यंत दुसऱ्या मजल्यावर आल्या, आणि आमच्या जावयांनी वेळीच चौकशी केली म्हणून सगळे वाचलो! मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा, कान लाल झालेले. बायका माझ्याकडे आदराने बघायच्या. एकदा तर मलाच शंका आली, खरंच वादळ होतं की काय?

मला वाटायचं, भोळ्या आहेत, माझ्यावर विश्वास ठेवला. आणि त्या विश्वासामुळे मला आणखी लाज वाटायची. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता तुमचं आजारपण आलं, आणि महिनाभरात तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्हीच विचारलंत, "जेवलात का?" आणि माझं राहून गेलं.

यंदा दिवाळीनंतर वंदनाने तुमची वही काढली. म्हणाली, "जानेवारीत जाऊ. आईची राहिलेली तीन बेटं बघून येऊ." मी म्हटलं, जेल? ती म्हणाली, "जेल नाही. होडी." तेव्हापासून माझी झोप उडाली. मंगळवारी तालावर गेलो तो त्यामुळेच.

आणि रविवारी ते घडलं. वंदना वही उघडून होड्या निवडत बसली होती, मी मेथी निवडत होतो. शेजारच्या दुबे भाभी वाटी परत द्यायला आल्या. वहीतलं 'अंदमान' दिसताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"फिर से वहाँ? ना बाबा, वंदना भाभी, मत जाओ! माताजी बताती थीं, लहरें दूसरी मंज़िल तक आ गई थीं. भाईसाब, आप तो थे न वहाँ? बताओ इनको!"

वंदनाने मान वर केली नाही. पान उलटायचा तिचा हात मात्र थांबला.

आई, हो म्हणणं किती सोपं होतं! तुमचा शब्द राहिला असता, माझी अब्रू राहिली असती, आणि जानेवारीचं जाणं तिथल्या तिथे बुडालं असतं. नाही म्हटलं तर तुम्ही खोट्या ठरत होतात, आणि आता तुम्ही बाजू मांडायलाही नाहीत. मी मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणालो, "भाभीजी, तूफ़ान-वूफ़ान कुछ नहीं था. समुंदर एकदम शांत था. मैं डर गया था।"

"मतलब... माताजी..."

"माताजी मेरी इज़्ज़त रख रही थीं।"

दुबे भाभींनी हातातली वाटी छातीशी धरली. मग म्हणाल्या, "हमारी सास होतीं न, तो पूरे मोहल्ले में ढिंढोरा पीट देतीं!" आणि जाताना वाटी तशीच परत घेऊन गेल्या.

दार लागल्यावर वंदना म्हणाली, "तीन वर्षं लावलीत."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आईला त्याच सकाळी कळलं होतं. धक्क्यावर जाऊन आलो म्हणालात आणि तुमच्या चपला पलंगाखाली होत्या. अनवाणी कोण जातं चौकशीला?"

"मग विचारलं का नाहीस?"

"आईने विचारू दिलं नाही. म्हणाली, मासे काय, बाजारातही दिसतात. जावयाची मान खाली गेलेली मला बघायची नाही. ते स्वतःहून सांगतील, तेव्हा जाऊ."

तेव्हा जाऊ! म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. मी रोज देवाला सांगत होतो आणि तुम्ही शेजारच्या खोलीत माझ्या सांगण्याची वाट बघत होतात!

आई, रागावू नका, पण हे तुमचं चुकलं. पस्तीस वर्षं शिक्षिका होतात. एखाद्या पोराने असं खोटं सांगितलं असतं तर कान धरून वर्गासमोर उभं केलं असतंत. माझा का नाही धरलात? एकदा खडसावून म्हणाल्या असतात, "विनायकराव, चपला घाला आणि चला," तर मी रडत का होईना, आलो असतो. तुम्ही मान दिलात आणि मी त्याच्यामागे दडून बसलो. तुमची तीन बेटं मात्र राहिली.

चूक माझीच मोठी आहे. ते मी जाणतो. रोज पूजा करणाऱ्या माणसाला एक खरं वाक्य बोलायला तीन वर्षं लागावीत, याचा विचार मी पूजेला बसलो की हल्ली करतो. देवाला सांगणं सोपं असतं, तो चहा घेऊन समोर येत नाही.

दुबे भाभींकडून बातमी एव्हाना सगळ्या इमारतीत गेली आहे. खालचे तिवारीजी मला बघून म्हणतात, "और भाईसाब, मौसम कैसा है?" म्हणू देत. गंमत म्हणजे तुम्हाला खोटारडी कोणीच म्हणत नाही. बायका म्हणतात, सास हो तो ऐसी.

मी तुम्हाला वचन देतो. तिथे भीती वाटली, आणि ती वाटणारच, तर वंदनाला त्याच क्षणी सांगेन. हॉटेलच्या जिन्याखाली जाऊन उभा राहणार नाही.

आज सकाळी मी स्वतः पोर्ट ब्लेअरला फोन केला. नमस्कार-चमत्काराआधीच सांगितलं, मला पाण्याची भीती वाटते. तो हसला नाही. म्हणाला, "पेट भर के मत आना सर, बीच में बिठा देंगे।" मग त्याने दोन प्रकारची तिकिटं सांगितली. एक आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं, थोडं महाग आहे. दुसरं एकदा काढलं की रद्द होत नाही, बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. सर, पहिलंच घ्या, तो म्हणाला, समुद्राचा काय भरवसा. मी म्हटलं, समुद्राचं सोडा, माझा भरवसा नाही.

दुसरं काढलं. दोन माणसं, तीन बेटं, काचेच्या तळाची होडी.

तुमचा जावई,
विनायक