कोपऱ्यातला ठिपका

शनिवार, मल्लेश्वरम

जुन्या सिनेमांच्या महोत्सवात आज मधेच पडदा पांढराफटक झाला. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो; तो दिसला की आमचे म्हातारे ऑपरेटर अण्णा दुसरं मशीन सुरू करतात. ठिपका मला खाली बसून दिसला. मग त्यांना का नाही?

धावत वर मशीनच्या खोलीत गेले. अण्णा म्हणाले, "ठिपका आलाच नाही, अक्का. प्रिंट खराब आहे."

"सरी अण्णा, ठीक आहे." असं का म्हणाले मी? महोत्सव मी ठरवलाय, उद्या मॅनेजर मलाच विचारणार. खरं सांगितलं तर अण्णा घरी बसणार. नाही सांगितलं तर?

जिना उतरताना त्यांनी मागून हाक मारली. "अक्का, उद्या स्वल्प, जरा माझ्याजवळ उभ्या राहा. ठिपका आला की नुसता खांद्याला हात लावा."