उजव्या हाताची गोधडी

२२ जानेवारी २०१८

प्लॅस्टर निघालं. सहा आठवडे! आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, पांढुरका, सालपटं सुटलेला. मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणाले, "बोटांना काम द्या. लिहिणं नको इतक्यात, काहीतरी हातकाम करा." मी कृषी सहायक! पाच गावं गाडीवर फिरणारी बाई, आणि हातकाम! नऊ डिसेंबरला बोंडअळीचे पंचनामे करून महागावला परतताना खड्ड्यात गाडी घसरली. तो खड्डा अजून तसाच आहे म्हणे. मी मात्र घरात. हे डाव्या हाताने लिहितेय, वेडंवाकडं.

२४ जानेवारी

मागच्या गल्लीतल्या विमलताई आल्या. तीन एकर कापूस आहे त्यांचा, आणि लोकांच्या गोधड्याही शिवतात. माझा हात उलटापालटा करून पाहिला. "बाई, सुई धरा. मूठ आपोआप वयते."

खाली त्यांचं जुनं लुगडं, वर माझ्या दोन साड्या. कडेपासून धावदोरा घालायचा. पहिल्या टाक्याला पाच मिनिटं लागली! श्रीकृष्ण, माझा मास्तर नवरा, शाळेतून आला आणि हसला — "मॅडम गोधडी शिवतायत!" सुई त्यालाच टोचावीशी वाटली.

२७ जानेवारी

विमलताईंनी दोन ओळी उसवल्या! अख्ख्या दुपारचं काम!

"काहून उसवता?"

"वरची साडी शिवली तुम्ही. खालचं लुगडं मोकयंच राह्यलं. पलटून तर पाहा."

पलटून पाहिलं. खालून एकही टाका नव्हता. "सुई खालच्या बोटाले लागली पाह्यजे, मंग समजाव टाका बसला." लागलीच. रक्त आलं. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

३० जानेवारी

आज त्यांनी एकही ओळ उसवली नाही!

२ फेब्रुवारी

विमलताई आल्या, पण बसल्या नाहीत.

"बाई, तुम्ही माह्या वावरात आलत्या ना? माह्यासमोर दहा बोंडं फोडली ना?"

फोडली. आठांत अळी होती. ऐंशी टक्के नुकसान मी स्वतः लिहिलं, आठ डिसेंबरला, बांधावर बसून.

"मंग कागदावर तीस टक्के कायले आलं? तेहतीसच्या खाली म्हणून मदतीच्या यादीत माहं नावच नाही. काल पाह्यलं म्या."

"मी तीस लिहिलं नाही, ताई."

"सही तुमची हाय."

एवढंच. गेल्या. मी दारापर्यंतही गेले नाही. माझ्या नावाने कुणीतरी त्यांच्या शेताचं खोटं लिहिलं, आणि त्या इथे बसून माझी बोटं वळवत होत्या!

५ फेब्रुवारी

रजेवर असून ऑफिसला गेले. फाईल मागितली. माझे जुने पंचनामे गायब. त्या जागी नवे, तारीख चौदा डिसेंबर, खाली माझी सही. ठसठशीत! चौदा डिसेंबरला माझा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरात होता!

साहेब म्हणाले, "आकडे सुधारावे लागले, मॅडम. तुमचीच सही आहे. आता कशाला?"

"कागद कुणी फिरवले?"

"भावसिंगला विचारा."

भावसिंग आमचा शिपाई. व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी त्याच्यावर ओरडले. तो हात जोडून म्हणे, "मॅडम, मले कायले बोलून राह्यल्या? कागद तुमच्या घरी देल्ले, सही होऊन आले. बाकी मले मालूम नाही." खोटारडा! माझ्यासमोर एकही कागद आला नाही. वेदनाशामक गोळ्या खाऊन पडले होते म्हणून काय वाट्टेल ते सांगायचं?

७ फेब्रुवारी

गोधडी काखेत घेऊन विमलताईंकडे स्वतः गेले. त्या कपाशीच्या वाळक्या पराट्या मोडतच राहिल्या. सगळं सांगितलं. हात दाखवला.

"मंग लिहा तसं," त्या म्हणाल्या. "माहं एकटीचं नका लिहू. एकेचाळीस नावं बाद हायेत."

आत गेल्या, सुई-दोरा घेऊन आल्या. कोपऱ्यातली ओळ राहिली होती, ती बसून घालून घेतली. टाका चुकला तेव्हा हातावर चापटही मारली. बरं वाटलं.

घरी श्रीकृष्ण म्हणाला, "वाढवू नकोस रजनी. दूर कुठेतरी बदली करतील." करू देत! त्या एकेचाळीस लोकांपुढून मी गाडी कोणत्या तोंडाने नेऊ? तो उठून बाहेर गेला.

८ फेब्रुवारी

तक्रार लिहिली. उजव्या हाताने! दीड पान, दीड तास. साहेबांचं नाव, भावसिंगचं नाव, तारखा, डॉक्टरांचा दाखला. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं, पण माझं.

९ फेब्रुवारी

सकाळच्या चहाला श्रीकृष्णला तक्रार वाचून दाखवली. भावसिंगचं नाव आलं तसा तो म्हणाला, "ते काढ. सही मी केली." साहेबांचा फोन आला होता, तू झोपली होतीस, बदलीची भीती घातली, घाबरलो — असं बरंच काही. मी कप उचलून आत ठेवला.

भावसिंगचं नाव खोडलं. त्या जागी माझ्या नवऱ्याचं लिहिलं. अकरा वाजता तक्रार देऊन आले. आधी व्हरांड्यात थांबून, सगळ्यांसमोर, भावसिंगची माफी मागितली.