दुसऱ्याच्या तोंडी व्हर्डेल

प्रिय जोनेल,

आधी ओळख करून देते. मी ओडेसा, तुझ्या आईची आई. ब्रॉन्क्समध्ये राहते, तू रांगायला शिकलीस त्याच घरात. एवढं सविस्तर अशासाठी, की ईस्टरला तुझा फोन नाही, माझ्या वाढदिवसालाही नाही. म्हटलं, अटलांटाच्या हवेत पोरीचं डोकं साफ धुऊन निघालं असेल.

हे पत्र अल्टाग्रासिया लिहितेय, तुझ्या आईला आंघोळ घालायला येते ती. अक्षर सुंदर आहे असं तीच सांगते. मी वाढले कॅरोलायनात कापूस वेचत, मला काय कळणार! मघाशी मी एक शिवी घातली तर बाईंचं पेन थांबलं. म्हटलं, "पगार आंघोळीचा असला तरी पत्र माझं आहे, लिही." लिहिली नसेलच.

तुझ्या आईचं तसंच चाललंय. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली ती गेली. तोंडातून एक "हं" निघतं, त्यातच हो, नाही आणि चालते व्हा. जिच्या जिभेला सगळा ब्रॉन्क्स भ्यायचा, तिला आता पाणी मागता येत नाही. देवाला विनोद करता येतो, पण कुठं थांबावं ते कळत नाही.

तू तिला शाळेच्या बसवर पोरांवर ओरडणारी बाई म्हणूनच पाहिलंस. मी तिला बागेत पाहिलंय. तुझा बाप रॉस्को माझ्या धुण्याच्या गाडीवर भोंगे लादून न्यायचा, दिव्याच्या खांबातून वीज चोरायचा आणि तबकड्या फिरवायचा. पोरं माइकवर ठेक्यात बढाया मारायची, आता रॅप म्हणतात ते, पोरी कडेला उभ्या राहून नटायच्या. एके दिवशी तुझी आई, माझी व्हर्डेल, पुढं झाली आणि तिनं माइक मागितला. एक दांडगट म्हणाला, "ताई, घरी भांडी वाट बघतायत." बस! हिनं त्याच ठेक्यावर, यमकं जुळवत, त्याचे उसने बूट काढले, त्याची आई काढली, आणि तो कुणाकुणाच्या दारातून हाकलला गेला तेही काढलं. गर्दी जमिनीवर लोळत होती. तो पोरगा त्यानंतर दुसऱ्या बागेत जायला लागला. त्याआधी कुणी बाईनं तिथं माइक धरला नव्हता. नंतर मात्र पोरींची रांग लागायची.

त्या बागेत कायदा एकच होता. आपली ओळ आपणच म्हणायची. कुणी दुसऱ्याची उचलली, की लोक आरडाओरडा करत नसत, नुसते दात वाजवत. कट, कट, कट, अख्खी बाग. त्या आवाजानं मी धिप्पाड गडी रडताना पाहिलेत. अशा दुसऱ्याची ओळ चावणाऱ्याला चावरा म्हणत, आणि चावऱ्याच्या हातात पुन्हा माइक जात नसे.

मग रॉस्को आणि व्हर्डेलची तबकडी काढायचं ठरलं. त्याच आठवड्यात तू यायला निघालीस. डोकं तुझं तेव्हापासूनच मोठं, तुझी आई मरता मरता वाचली. रॉस्को दवाखान्यात फिरकला नाही. एका बारीक कमरेच्या मुलीला घेऊन तो तबकडी करत होता. ओळी सगळ्या व्हर्डेलच्या. तिनं ते पहिल्यांदा ऐकलं फळवाल्याच्या रेडिओवर, तुला कडेवर घेऊन. हातातली संत्री तिनं खाली ठेवली आणि दात वाजवले. एकटीनंच. फळवाला म्हणाला, "बाई, थंडी वाजतेय का? दार लावू?"

त्यानंतर तिनं माइक धरला नाही. शाळेच्या बसवरची नोकरी धरली. मागच्या बाकावरची पोरं तिच्याच ओळी म्हणायची, आणि ही कधी पुटपुटलीच, तर तिलाच सुनवायची, "तसं नसतं हो मिस, तुम्हाला नाही जमायचं."

आता मात्र प्राध्यापक येतात. "पहिली", "आद्य" असले शब्द वापरतात, माझा केक खातात. कोपऱ्यावर तिच्या नावाची पाटी लागणार आहे. नाव बरोबर लिहिलंय का, ते मला विचारू नकोस. बागेत सोहळा आहे. बेत असा, की व्हर्डेलला सोनेरी जाकीट घालून खुर्चीत बसवायचं आणि तिच्या ओळी दुसरीनं म्हणायच्या. हे सांगायला रॉस्को फुलं घेऊन आला, केस काळे करून. मी म्हटलं, "वरचं रंगवलंस, आतलं कधी रंगवतोस?" तर म्हणतो, "आई, लोकांना तिच्या ओळी ऐकायच्यात." बरोबर आहे. त्यालाही तेव्हा ओळीच हव्या होत्या, बाई नको होती.

तर पत्र कशासाठी, ते आता ऐक. म्हणणारी कोण, हे त्यानं सांगितलं नाही. "आधी ऐका तर," म्हणत फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं आणि फोन टेबलावर ठेवला. पहिल्याच ओळीला मी तुला ओळखलं, जोनेल. छान म्हणतेस. चर्चमध्ये मुरलेला गळा आहे. त्यानं तुला "लेकी" म्हणून हाक मारली असणार. जन्मभर ज्या हाकेची वाट पाहिली, तिच्यासाठी माणूस घरातलं काहीही उचलून देतं, तू तर आईच दिलीस. व्हर्डेलनं बोटानं खूण केली, पुन्हा लाव. रॉस्कोचे डोळे भरले. "बघा, अभिमान वाटतोय तिला." मग तिनं डावा हात हनुवटीला लावला. जबडा वाकडा झालाय, दातावर दात बसत नाही. तो हातानं ओढून तिनं जागेवर आणला. कट. कट. कट. तुझं संपेपर्यंत. रॉस्को फोन उचलून गेला, फुलं इथंच सुकली. ती येणार नाही. तू खुशाल म्हण, टाळ्या पडतील, तिथं आता कायदा माहीत असलेलं कुणी उरलेलं नाही. खुर्चीवर ते जाकीट तेवढं बसवा, लांबून कुणाला फरक कळायचा नाही.

नंतर जेवण आहे म्हणे. तुझ्या आईचं ताट घरी पाठव. रताळं कुस्करून, लोणी सढळ, घट्ट काही नको, घशात अडकतं. मला तळलेला मासा, डोक्यासकट. आणि डबा रॉस्कोच्या हाती देऊ नकोस, मासा अर्धाच येईल.

तुझीच, आठवत असेल तर,
ओडेसा आजी