क्योहेई उभा राहिला त्याची गोष्ट

हिता, ५ जानेवारी १९९१

चि. क्योहेई यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाचं हाड चिरल्याचं तुमच्या प्रशिक्षकांनी फोनवर कळवलं. काळजी घे. पण मनातलं लिहिलं नाही तर मला अन्न गोड लागणार नाही. परवा विद्यापीठांची टप्प्याटप्प्यांची शर्यत बघायला गल्लीच्या सभागृहात टीव्हीसमोर साठ माणसं जमली होती, मी सगळ्यांना तांदळाच्या मोचीचे गोळे वाढत होते. तुझ्या छातीवर विद्यापीठाचा जांभळा पट्टा. तो पुढच्या गड्याच्या हाती द्यायला तीन किलोमीटर उरले, आणि तू सरळ कडेला होऊन हात वर केलास! टोफूवाले ओगाता म्हणाले, लघवीला थांबला असेल. कोणी हसलंसुद्धा नाही.

अरे, पडला असतास तरी चाललं असतं. गेल्या वर्षी कुठलासा मुलगा रांगत पोहोचला, तेव्हा हेच ओगाता ढसाढसा रडले होते. तू मात्र बसची वाट बघत असल्यासारखा उभा!

काल बाबा आणि मी घरोघरी वाकून माफी मागून आलो. धाकट्या शुन्ताच्या सायकलीवर कुणीतरी ‘थांबा’ लिहून चिकटवलंय. इतक्यात इकडे येऊ नकोस.

प्रकृतीस जप.
तुझी आई


तोक्यो, १२ जानेवारी

ती. आईस क्योहेईचा सा. न. वि. वि.

हाड चिरल्याचा आवाज मला ऐकू आला होता. तरी चाळीस पावलं पळालो. मग वाटलं, पाय राहिला तर पुढच्या वर्षी पळता येईल. डॉक्टर म्हणतात, थांबलास म्हणून वाचलास. इथे हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या पुढचा गडी शेवटच्या वर्षाचा, माझा पट्टा पोहोचलाच नाही म्हणून त्याला कोरा पांढरा पट्टा घालून नावापुरतं पळावं लागलं. संघ बाद झालाच होता. वसतिगृहात मी जेवायला बसलो की टेबल रिकामं होतं.

शुन्ताची टाच दुखतेय असं त्यानं लिहिलं होतं. त्याला माझा निरोप दे, फेब्रुवारीत गावच्या शर्यतीत गल्लीसाठी पळू नकोस म्हणावं. आणि आई, मला घरी यायचंय गं. एकदा ये म्हण.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा क्योहेई


हिता, २० फेब्रुवारी

चि. क्योहेई यास अनेक आशीर्वाद.

रविवारी गावाची शर्यत झाली. तुझा निरोप मी शुन्ताला दिला नाही. एका घरात दोघे थांबणारे कुणी खपवून घेतले नसते.

दुसऱ्या किलोमीटरला त्याच्या टाचेची शीर तुटली. पडला, उठला, लंगडत गेला, मग गुडघ्यांवर. हात लावला की गल्ली बाद, म्हणून बाबा शेजारून नुसते चालत, ओरडत होते. शेवटी पट्टा त्यानं ओगातांच्या मुलाच्या हातात दिलाच! आपण शेवटून पहिले आलो, पण अख्खी गल्ली रडली. ओगाता टोफूची अख्खी पेटी घेऊन आले आणि आमच्यापुढे कमरेत वाकले. पेपरात फोटो आलाय, बाबांनी तो चौकट करून आपल्या दुकानात लावला.

डॉक्टरांनी हात टेकले. शुन्ताला आता पळता येणार नाही, जिन्यालाही काठी लागेल. तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो, माझ्याशी बोलत नाही. भेटायला मात्र इतकी माणसं येतात की चहा पुरत नाही.

तुझं नाव आता कुणी काढत नाही. खुशाल घरी ये.

तुझी आई