कोरा चहा आणि दोन सह्या

३० मार्च, संध्याकाळ

जावईबापू,

सप्रेम नमस्कार.

पत्र घेऊन आलेली बाई आमच्या संस्थेची शिपाई आहे. उत्तर घेऊन ये असं तिला सांगितलेलं नाही, तेव्हा तिला दारात ताटकळत ठेवू नका. तुमची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. वर्षअखेर म्हणजे तुमचा घसा बसलेला असणार आणि डबा तसाच परत येत असणार. आमच्याकडे सगळं बरं आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. संस्थेच्या कचेरीला, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीला, नवा रंग दिला. तुम्ही बसायचा त्या खुर्चीचा पाय मोडला होता, तोही नीट करून घेतला. माझी धाकटी बहीण बरी आहे. तिच्याबद्दल नंतर लिहिते.

परवा तुमचा फोन आला होता. "ताई, आपल्या ठेवी नेहमीप्रमाणे रिन्यू करायच्या ना?" मी म्हटलं, सूचना फॉर्मवर लिहिलेली आहे, त्याप्रमाणे करा. तुम्ही हसलात. "तुम्ही अजून वर्गातच आहात," म्हणालात आणि फोन ठेवलात. फॉर्म काही तुम्ही उघडला नसणार. वर्गातही पुस्तक न उघडता उत्तरं द्यायची तुमची सवय होती, आणि ती बरोबर यायची हे आमचं दुर्दैव.

तर आता शाखा बंद झाली आहे आणि संगणकावर कुणी बसलेलं नाही, म्हणून सांगते. निवृत्त परिचारिकांच्या ज्या संस्थेचा हिशेब निवृत्तीनंतर मी पाहते, तिची तुमच्या शाखेतली प्रत्येक मुदत ठेव उद्या संपते. सभासदांनी आपापल्या नावावर ठेवलेल्याही सगळ्या उद्याच संपतात. नूतनीकरण नको, रक्कम बचत खात्यात जमा करावी, अशी लेखी सूचना प्रत्येकीवर आहे. खात्यातून ती दुपारच्या आत समोरच्या रस्त्यावरच्या बँकेत जाईल. उद्या संध्याकाळी तुमच्या शाखेचे वर्षाचे आकडे मोजले जातील तेव्हा तुम्ही आल्यापासून वाढलेल्या ठेवींतल्या निम्म्याहून जास्त तिथे नसतील.

विभागप्रमुखाची खुर्ची याच आकड्यावर ठरणार, हे मला माहीत आहे. वरच्या कार्यालयाला तुम्ही आकडा आधीच कळवून टाकलात, हेही माहीत आहे. बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात मी आयुष्य काढलं. तुमच्या विभागातले अर्धे अधिकारी माझ्या हाताखालून गेलेत आणि अजून फोन करतात.

एवढ्या ठेवी एकाच दिवशी कशा काय संपल्या, असं तुम्ही आता स्वतःला विचारत असाल. त्यात जादू काही नाही. काही आम्ही दोन वर्षांसाठी ठेवल्या, काही वर्षासाठी, काही त्याहून कमी. मुदत वर्षांत सांगायलाच हवी असं नाही, दिवसांतही सांगता येते, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. सुरुवात कुठूनही केली तरी शेवट आम्ही एकाच तारखेवर आणून ठेवला. प्रत्येक पावती तुमच्या टेबलावरून गेली. तुम्ही रक्कम पाहिलीत, व्याजाचा दर पाहिलात, मुदत संपण्याची तारीख पाहिली नाहीत. मधल्या काळात संपलेल्या लहानसहान ठेवी आम्ही एका फोनवर रिन्यू करत राहिलो, त्यामुळे म्हाताऱ्या बायका पैसे हलवत नाहीत असं तुमच्या डोक्यात पक्कं बसलं. ते तसं बसावं म्हणूनच आम्ही करत होतो.

सभासदांचं कुणाचंही नुकसान नाही. आमच्या मोठ्या सिस्टर, ज्यांनी अख्खा ऑपरेशन विभाग नुसत्या भुवयांवर चालवला, त्यांनी मला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "व्याज बुडणार नाही ना?"

"मुदतीआधी एकही ठेव मोडणार नाही. दंड नाही, काही नाही."

"मग उरलेलं तुमचं घरगुती. ते मला सांगू नका. साक्ष द्यायची वेळ आली तर मला काही माहीत नको."

सांगायला मात्र त्यांनीच लावलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर स्वतःच्या पेन्शनचे पैसेही आणून दिले.

यात सूड आहे का? आहे. दुसरं काही नाव देत बसत नाही. तुम्हाला हे पत्र उद्या सकाळीही देता आलं असतं. आज देते आहे ते तुम्हाला रात्रभर झोप लागू नये म्हणून.

कारण तशी एक रात्र धाकटीने काढली आहे. त्या रात्री तुम्ही मात्र घोरत होतात, असं ती सांगते.

तुम्हाला सगळं आठवत असेलच, पण तुमच्या तोंडून ते इतक्या वेळा बदलून आलंय की मूळ गोष्ट एकदा कागदावर असलेली बरी. नवरा-बायको एका शाखेत नकोत असा नियम, पण तुमची नेमणूक तात्पुरती होती म्हणून कुणी हरकत घेतली नाही. तुम्ही मॅनेजर, ती क्लार्क. दोघा भावांची एक ठेव होती, दोघांच्या सह्यांशिवाय हात न लावण्याची. थोरला भाऊ एकटाच आला, मुदतीआधी मोडून मागू लागला. मोठी ठेव आणून देतो असं त्याने तुमच्या कानात सांगितलं. धाकटी कागद घेऊन तुमच्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "दुसरी सही नाही." तुम्ही म्हणालात, "मी बघतो, तू पुढे पाठव." तिने पाठवला. पैसे गेले. मग धाकटा भाऊ आला. पियानो दुरुस्त करणारा साधा माणूस, त्याला काउंटरवर ओरडताही येईना.

चौकशी लागल्यावर स्वयंपाकघरात तुम्ही तिला समजावलंत. "माझ्या नजरेतून सुटलं" असं लिहून दे. क्लार्कला फार तर ताकीद मिळते, माझी मात्र नोकरीच जाईल, मग दोघं खाणार काय? तिने रात्रभर जागून सकाळी लिहून दिलं. तुमच्यावर तिचा जीव होता, आणि हिशेबही तुम्ही पटण्यासारखा मांडला होता. तिला हे माहीत नव्हतं की त्याच कागदाच्या तळाशी तुम्ही स्वतःच्या हाताने शेरा मारणार आहात: कठोर कारवाई व्हावी.

तिची नोकरी गेली. बँकेच्या मासिकात तुमचा फोटो आला, खाली "आधी कर्तव्य" असा मथळा. बायकोचीही गय न करणारा अधिकारी! तुमच्या सत्काराला मी टाळ्या वाजवल्या होत्या, कारण तेव्हा मला खरं ठाऊक नव्हतं. ते हात मला अजून धुवावेसे वाटतात.

मग मोठ्या शाखेत बदली. "घर मिळालं की नेतो," असं सांगून तुम्ही गेलात. घर मिळालं. त्याला दोन बाल्कन्या आहेत असंही कानावर आलं. मी तुम्हाला पत्रं लिहिली. तिला नोकरी परत नकोय, फक्त तो ठपका पुसा, चूक कुणाची होती ते एका ओळीत वर कळवा, एवढंच मागितलं. उत्तरादाखल तुमचं छापील शुभेच्छापत्र आलं, खाली शाखेचा शिक्का. वर्गात मी तुमची मॅडम होते, लग्नानंतर ताई झाले, चौकशीनंतर कुणीच नाही. आमच्या संस्थेकडे पैसा आहे हे कळल्यावर पुन्हा ताई झाले.

नव्या बॅचला मी पहिल्या तासाला एक प्रश्न विचारत असे. माणूस बँकेत ठेव ठेवतो, म्हणजे नेमकं काय करतो? कुणी म्हणायचं बचत करतो, कुणी म्हणायचं व्याज कमावतो. तुम्ही मागच्या बाकावरून म्हणालात, "परत मागायचा हक्क राखून ठेवतो." इतकं नेमकं उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी धाकटीला तुमच्याबद्दल सांगितलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

उत्तर बरोबरच होतं. उद्या आम्ही तो हक्क वापरतो आहोत.

आता धाकटीबद्दल. इतका वेळ टाळत होते, कारण तिने लिहू नकोस असं बजावलं होतं. मग आज दुपारी म्हणाली, लिही.

हे सगळं माझं डोकं आहे असं तुम्ही धरून चालला असाल. मी तुमच्याविरुद्ध तक्रार करणार होते, वर्तमानपत्रात जाणार होते, तुमच्या शाखेत येऊन तमाशा करणार होते. एका तारखेवर सगळ्या ठेवी आणायची कल्पना तिची. किती दिवसांसाठी कुठली ठेव, हे तिने माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ठरवलं. मी म्हटलं, पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात येईल. ती म्हणाली, "येणार नाही. त्याला आलेला पैसा दिसतो, जाणारा दिसत नाही."

तिने एक अट मात्र घातली होती.

ठेवी मागायला तुम्ही आमच्या कचेरीत यायचात. धाकटी माझ्याकडे राहते हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आतल्या दाराला साधा पडदा आहे आणि त्यामागे स्वयंपाकघर. पहिल्या वेळी "घरी सगळे ठीक?" असं विचारलंत, तेही मोबाईलकडे बघत. दरवेळी तुमच्यासमोर चहा यायचा. कोरा, लिंबाची साल घातलेला, वर चिमूटभर मीठ. असला चहा दुसऱ्या कुणाला प्यायला दिला तर तो थुंकून टाकेल. तुम्हाला तो लागतो, आणि तो तसा करायला एकाच बाईला येतो. मला येत नाही, मी तर दुधात साखर ढवळणारी.

पहिल्या वेळी घोट घेऊन तुम्ही म्हणालात, "वा, अगदी माझ्या पद्धतीचा." आणि चेकवरची रक्कम पाहू लागलात. पुढच्या वेळी अर्धा कप आणखी मागितलात. शेवटच्या वेळी कप संपवलात आणि चेक घेऊन उठलात.

तिची अट अशी होती. चहा कुणी केला, एवढं त्याने एकदा विचारलं तर मी पडदा सारून बाहेर येईन आणि सगळ्या ठेवी पाच वर्षांसाठी रिन्यू करून देईन. ठपका राहिला तर राहू दे. तुम्ही यायचात त्या प्रत्येक दिवशी ती सकाळी चांगली साडी नेसायची आणि पडद्यामागे उभी राहायची. मला तिचे पाय दिसायचे. तुम्ही बसायचा तिथून तर समोरच दिसत असणार.

तुम्ही तो चहा ओळखला नसेल तर वाईट. ओळखून गप्प बसला असाल तर त्याहून वाईट. यातलं कुठलं खरं, हे तिने मला तुम्हाला विचारू दिलं नाही. शेवटच्या वेळी तुमची गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती. मग कप विसळला आणि म्हणाली, "ताई, तारीख बदलायची नाही." तेव्हापासून ती पुन्हा गाणं गुणगुणायला लागली आहे. मला वाटलं होतं ती रडेल. मीच रडले.

आता कामाचं. उद्या शाखा उघडताच आम्ही येतो. संस्थेच्या खात्यातून रक्कम हलवायला दोघींच्या सह्या लागतात, एक अध्यक्षांची आणि एक खजिनदारांची. मागच्या आठवड्यात आम्ही नवीन खजिनदार नेमली. ठराव आणि नमुना सही तुमच्या दुय्यम अधिकाऱ्याने रीतसर नोंदवून घेतली, तुम्ही त्या दिवशी वरच्या कार्यालयात आकडा सांगायला गेला होतात. खजिनदार कोण, हे तुम्हाला आता सांगायला नको. ज्या बँकेतून तिला बाहेर काढलं, त्याच बँकेच्या दारातून ती उद्या आत येणार आहे. नमुना सही गेल्याच आठवड्यातली आहे, तेव्हा सही जुळत नाही असं म्हणायची सोय तुम्हाला नाही.

कागद तुमच्यासमोर आला की दोन्ही सह्या नीट तपासा. पहिली, मग दुसरी. घाई करू नका, तोवर आम्ही बाकावर बसू. शिष्टाचार म्हणून आमच्यासाठी चहा मागवू नका. मागवलातच, तर या वेळी कुणी केला ते विचारून घ्या.

एके काळची तुमची मॅडम, मग ताई,
उद्यापासून तुमच्या बँकेत जिची एकही ठेव नाही अशी,
तुमच्या बायकोची थोरली बहीण